डावीकडची जागा

१

खरं तर श्रियाला नॉर्वेला जायचं होतं. तिच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर उत्तर नॉर्वेचा किनारा होता. काळे डोंगर थेट समुद्रात उतरलेले, डोक्यावर बर्फ, पायाशी एक लाल घर. तिने ते पान घरी आणून फ्रिजवर लावलं. तिच्या नवऱ्याने, अक्षतने, ते उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाला, "अगं, हे सगळं आपल्याकडे आहे की! गाडी फेरीबोटीत घालायची, तीन तासांत पलीकडच्या बेटावर. थंड समुद्र, बर्फाचे डोंगर, माणसांचा पत्ता नाही. केबिनमध्ये झोपायचं, आपलं आपण रांधायचं. नॉर्वेच्या एका तिकिटात चौघं फिरून येऊ."

श्रियाने दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच सामानाची यादी करायला बसली. असा तो बेत ठरला. दोन हजार सहाचा ऑक्टोबर, म्हणजे दक्षिण गोलार्धातला वसंत ऋतू, दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा, सात दिवस. अक्षतची बारा वर्षांची स्टेशनवॅगन, मागे कुकर, गॅसची शेगडी, तांदूळ, भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी. पुढे अक्षत आणि श्रिया. मागे अक्षतचे आईवडील, गुरुदत्त आणि वासंतीबाई. ते दोघं पुण्याहून मुलाकडे, उत्तर बेटावरच्या जॉन्सनव्हिलला, सहा महिन्यांसाठी आले होते.

आले होते म्हणजे अक्षतने हट्टाने आणलं होतं. मे महिन्यात वासंतीबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम झालंय, आता फक्त यांना खाऊपिऊ घाला. आणि घोडं नेमकं तिथंच अडलं. दोन घास खाल्ले की बाईंचा हात थांबायचा. "नको वाटतं हो," एवढंच म्हणायच्या. भांडण नाही, तक्रार नाही. आयुष्यभर आमटीत मीठ जास्त झालं म्हणून घर डोक्यावर घेणारी बाई, आता पानात काय आहे याकडेही बघत नसे.

गुरुदत्तांना हे फार लागलं होतं. माणूस वजनमापे खात्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होता. सातारा, कराड, सांगली इथल्या दुकानदारांच्या तागड्या तपासता तपासता त्यांचा हातच तागडी झाला होता. मेथीची जुडी उचलून ते ग्रॅममध्ये सांगत, आणि भाजीवाला काट्यावर टाकून बघायचा तर खरंच तेवढी. आता त्या हाताला एकच उद्योग उरला होता. बायकोला जिना उतरताना हात द्यायचा आणि मनात आकडा धरायचा. रोज थोडी हलकी लागायची. निघायच्या आदल्या दिवशी न्हाणीघरातल्या काट्यावर त्या एक्केचाळीस किलो भरल्या. गुरुदत्त आकड्यापुढे बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

२

पहिला दिवस फेरीत आणि रस्त्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका नदीच्या मुखाशी लाकडी टेबल दिसलं आणि श्रियाने गाडी थांबवायला लावली. बाजूच्या कुरणात कोकरं उड्या मारत होती. रस्त्याकडेला काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी लगडलेली, आणि त्यांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास. "काय बाई हा देश," वासंतीबाई म्हणाल्या, "ऑक्टोबरात वसंत, आणि काट्यांना खोबरं." त्यांना बरं वाटत होतं. सकाळी शेगडीवर थापलेली थालीपिठं त्यांनी स्वतः डब्यातून काढली, दही घेतलं, लोणचं वाढलं.

लांब, जिथं नदी समुद्राला मिळत होती तिथं, एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता. अगदी स्तब्ध.

"व्हाइटबेटवाला असणार," अक्षत म्हणाला. "करंगळीएवढे काचेसारखे मासे असतात. या दिवसांत नदीत चढतात. ही माणसं जाळं घेऊन तासन्‌तास अशी उभी राहतात."

"या थंडीत? पाण्यात? जेवला तरी असेल का?"

आणि वासंतीबाईंनी हात वर करून हाक घातली, "या हो जेवायला!"

यात कुणालाच नवल वाटलं नाही. आपण जेवत असताना समोरून कुणी गेलं की "या जेवायला" म्हणायचं आणि त्याने "होऊ द्या, होऊ द्या" म्हणत पुढे जायचं, हा आपला रिवाज. खरंच कुणी येऊन बसत नाही. वासंतीबाईंचं मात्र तसं नव्हतं. त्या मनापासून बोलावायच्या. पोस्टमन, मीटर बघणारा, रस्ता चुकलेला कुरिअरवाला, कितीतरी जण पुण्याच्या घरी पाटावर बसून जेवून गेले होते.

"आई, त्याला मराठी कुठं कळतंय!" श्रिया खिदळली.

"भूक तर कळते ना?"

इकडची माणसं ओळख नसतानाही लगेच हात हलवतात. या माणसाने हलवला नाही. तो वळला. एवढ्या लांबून चेहरा दिसणं शक्यच नव्हतं, पण तो टेबलाकडे तोंड करून उभा राहिला, एवढं गुरुदत्तांनी बघितलं. त्याच्या पायांभोवतीचं पाणी जरासुद्धा हललं नाही, हेही बघितलं. मग त्यांची नजर बायकोच्या पानाकडे गेली आणि ते बाकी सगळं विसरले.

पान रिकामं होतं. वासंतीबाईंनी दुसरं थालीपीठ घेतलं. तेही संपलं. तिसरं अर्धं.

 बोललं तर दृष्ट लागेल, असं प्रत्येकाला वाटत असावं. अक्षतच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो उगाच पाण्याची बाटली शोधायला गाडीकडे गेला. तिथून "मासे बघून येतो" म्हणून नदीकडे चालत गेला आणि पंधरा मिनिटांनी पोट धरून हसत परत आला.

"आई! तू खांबाला जेवायला बोलावलंस! माणूस नाहीये तो. मासेमारीची हद्द दाखवायला लाकडाचा खांब पुरलाय."

काय हसले सगळे! वासंतीबाई स्वतः सगळ्यांत जास्त. गुरुदत्तांनी हसत हसत पाण्याकडे पाहिलं. खांब होता खरा. पण माणूस ज्या जागी दिसला होता तिथून बराच डावीकडे. असेल, त्यांनी मनाला समजावलं. आपली नजर वजनाची, अंतराची नव्हे.

३

संध्याकाळी मुक्काम एका हॉलिडे पार्कात होता. तिथल्या बाईने "किया ओरा" असं माओरी स्वागत करून किल्ली दिली, सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांपासून जपा म्हणाली आणि सामायिक स्वयंपाकघर दाखवलं. लांबलचक टेबलं, भिंतीला शेगड्या, खिडकीत उन्हाचा पिवळा चौकोन. एक जर्मन जोडपं नूडल्स उकळत होतं. वासंतीबाईंनी कुकर लावला. मीच लावणार म्हणून अडूनच बसल्या.

त्यांनी भात वाढून घेतला तो गुरुदत्त बघतच राहिले. एवढा भात त्या तरुणपणीसुद्धा घेत नसत. बाकाच्या उजव्या टोकाला त्या बसल्या, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. ताटही जरासं डावीकडे सरकवलेलं. गुरुदत्त समोर बसले. गप्पा चालल्या होत्या. आणि भात कमी होत होता.

जर्मन मुलगी वाडगा घेऊन आली. सगळी बाकं भरलेली, म्हणून तिने वासंतीबाईंच्या डावीकडच्या जागेपुढे वाडगा ठेवला. बसायला वाकली. आणि दचकून सरळ झाली. "ओ, सॉरी," ती म्हणाली. वासंतीबाईंना नाही म्हणाली. त्या जागेला म्हणाली. मग वाडगा उचलून, दाराशी उभं राहून तिने नूडल्स संपवल्या.

गुरुदत्तांनी ठरवलं, आता पानावरून नजर हलवायची नाही. पण किटली शिट्टी घालायला लागली, अक्षतने उद्याच्या रस्त्याचं काहीतरी विचारलं, आणि परत बघतात तो वरणभाताचा डोंगर अर्धा झालेला. असं तीनदा झालं.

"बाबा, बघितलंत? आई जेवायला लागली!" श्रिया त्यांच्या कानाशी कुजबुजली. तिचा चेहरा असा फुलला होता की गुरुदत्तांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला.

ताटं घासायला उचलताना त्यांनी सहज केल्यासारखं करून बायकोचा उजवा हात हातात घेतला. वरणभात कालवून जेवलेला हात. त्याने नळ अजून पाहिला नव्हता. बोटं कोरडी होती. पेरांना वरण नाही, नखाला हळद नाही. काहीच नाही.

चमच्याने जेवली असेल. हो, चमच्यानेच. गुरुदत्तांनी ताटात बघितलं. चमचा ताटाबाहेर होता, स्वच्छ.

४

तिसऱ्या दिवसापासून गाडीत खाऊची पिशवी वासंतीबाईंच्या मांडीवर आली. आधी ती मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये असायची.

"मध्ये ठेव की. पाय अवघडतील."

"असू द्या."

मधल्या जागेचा पट्टा लावलेला होता. "हा कशाला लावलास?" त्यांनी विचारलं.

"मोकळा राहिला की सारखा टकटक वाजतो," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर समुद्र खडकांवर आपटत होता, झाडं सगळी एका बाजूला वाकलेली. अक्षतने जुनी हिंदी गाणी लावली होती. श्रिया नकाशा उलटा धरून रस्ता सांगत होती आणि तो तिला चिडवत होता. सगळं कसं छान चाललं होतं.

गुरुदत्तांनी डाव्या खिडकीशी अंग चोरून घेतलं होतं. का, ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. गाडीत वास येत होता, ओल्या दोरखंडाचा, नदीच्या गाळाचा. काल पावसात भिजलेले कोट मागे टाकलेत, त्यांचा असणार. मधली सीट ओली होती. खिडकीतून पाऊस आला असणार. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि ते उत्तर शोधता शोधता ते दमून गेले होते.

एका वळणावर गाडी जोरात झुकली आणि तोल सावरायला त्यांनी हात मध्ये टेकला. सीटच्या अगदी कडेला, चार बोटं फक्त. सीटचा स्पंज खाली दबलेला होता. रिकामी सीट अशी दबत नाही. आणि त्या हाताने, एकतीस वर्षांच्या सवयीने, त्यांना न विचारता आकडा सांगून टाकला. साठ किलोच्या आतबाहेर. कालपेक्षा जास्त, असंही सांगितलं असतं, पण काल त्यांनी हात लावला नव्हता.

हात त्यांनी ओढून घेतला आणि पुढचे दोन तास तो खिशातच ठेवला.

५

चौथ्या दिवशी एका गावात सँडफ्लायचं मलम घ्यायला थांबले. केमिस्टच्या दुकानात कोपऱ्यात वजनाचा काटा होता, गोल तबकडीचा.

"चल आई, बघू या!" अक्षत म्हणाला. "तीन दिवसांत दुप्पट जेवलीयेस. तीन किलो तरी वाढली असशील." काल रात्री त्याने पुण्याला मावशीला फोन करून "आई जेवतेय, आई जेवतेय" असं चारचारदा सांगितलं होतं. पोरगं आनंदाने वेडं झालं होतं.

वासंतीबाई काट्यावर चढल्या. चष्मा गाडीत राहिला होता. अक्षत आणि श्रिया गल्ल्याशी उभे होते. गुरुदत्त वाकले, आणि तबकडी त्यांच्याच पाठीआड गेली.

सुई थरथरली आणि थांबली. अडतीस. तेही कोट आणि बूट धरून.

या माणसाने एकतीस वर्षांत एक खोटा आकडा कागदावर लिहिला नव्हता. सांगलीच्या एका व्यापाऱ्याने एकदा घरी पेढ्यांचे बॉक्स पाठवले, ते वजन करून, पावती करून, परत पाठवणारा हा माणूस. त्याच्यासमोर काटा खरं बोलत होता, आणि पलीकडे मुलगा मान उंचावून वाट बघत होता.

"साडेबेचाळीस," गुरुदत्त मोठ्यांदा म्हणाले.

श्रियाने टाळ्या वाजवल्या. गल्ल्यावरची मुलगी काही न कळता "स्वीट ऍज!", म्हणजे झकास, म्हणाली. वासंतीबाई काट्यावरून उतरल्या. उतरताना त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि हळूच, दोघांनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो."

त्या दिवशी दुपारी गुरुदत्तांनी जाहीर केलं की आता रांधणं बास, आपण डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, पाव आणि केळी घेऊ. वासंतीबाईंनी पिशवी घट्ट धरली. "असं कसं?" त्यांचा आवाज चढला. "ठरलेल्या वेळेला उपाशी ठेवायचं?" कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. अक्षतला वाटलं आईला स्वतःला भूक लागलीय. त्याने लगेच गाडी बाजूला घेतली आणि शेगडी काढली.

६

पाचव्या दिवशी पाऊस लागला. मुलं दोघं रेनकोट चढवून हिमनदी बघायला गेली. केबिनमध्ये दोन खाटा, एक हीटर आणि पत्र्यावर पाऊस. वासंतीबाई पांघरुणात बसल्या होत्या. पांघरुणाखाली माणूस आहे की नुसती उशी, असा प्रश्न पडावा, इतक्या बारीक दिसत होत्या. खाटेची डावी बाजू त्यांनी मोकळी सोडली होती.

"कोण आहे गं?" गुरुदत्तांनी विचारलं. तीन दिवस अडवून धरलेला प्रश्न असा सरळ बाहेर पडला.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मला काय माहीत? मी नाव नाही विचारलं. जेवणाऱ्याला नाव विचारायचं असतं का?"

"तुला दिसतो?"

"हात दिसतो. पानात येतो तेवढाच. वर बघवत नाही मला."

"वासंती, ऑपरेशनमध्ये ती भूल देतात ना, तिचा परिणाम सहा सहा महिने राहतो. मी वाचलंय. आपण डॉक्टरला…"

"आणि तुम्हाला कसली भूल दिली होती?" त्या म्हणाल्या. त्यांचा जुना फटकळ आवाज होता तो, आणि अशा वेळीही गुरुदत्तांना तो ऐकून बरं वाटलं.

मग त्या समजावणीच्या सुरात बोलल्या. "फार भुकेला आहे हो. किती दिवसांचा कोण जाणे. मी बोलावलंय, तेव्हा माझ्याच पानात जेवणार. दुसऱ्याच्या पानाला तो शिवत नाही, मी बघितलंय. जेवत्या माणसाला पानावरून उठवायचं कसं? माझ्या आईने मला ते शिकवलं नाही."

"आणि तू?"

"मला कुठं भूक होती? जात नव्हतंच मला काही. म्हटलं, कुणाच्या तरी मुखात जातंय."

"आता?"

वासंतीबाईंनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "आता लागते," त्या म्हणाल्या. "कालपासून इतकी भूक लागते, काय सांगू. वास आला तरी जीव कासावीस होतो. पण मी घास घ्यायला जाते तोवर पान रिकामं."

गुरुदत्त उठून त्यांच्या उजव्या बाजूला बसले. बायकोचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. आकडा धरायचा नाही असं ठरवूनही हाताने धरला. सदतीस. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. परतीचा रस्ता दोन दिवसांचा होता, म्हणजे चार जेवणं. त्यानंतर जॉन्सनव्हिलचं घर, त्यानंतर पुणं. या हिशेबात वासंती पुरणार नव्हती.

"अहो, रडताय काय," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं तुमचं वजन मी उचललं, आता चार दिवस तुम्ही माझं उचला."

७

सहाव्या दिवशी आभाळ धुऊन निघालं होतं. परतीच्या वाटेवर समुद्राकाठी एक टेबल मिळालं, दोन्ही बाजूंना बाकं. ऊन होतं, वाऱ्याला बोच होती. कुकर उतरला, पिठलं झालं. हिरवे दगड सापडतात म्हणून श्रिया अक्षतला ओढत वाळूकडे घेऊन गेली. "तुम्ही वाढून घ्या, आम्ही आलोच!" ती ओरडली.

वासंतीबाईंना डाव उचलवत नव्हता. गुरुदत्तांनी त्यांचं पान वाढलं. गरम भात, त्यावर पिठलं, कडेला लोणचं, तूप. त्या नेहमीप्रमाणे बाकाच्या उजव्या टोकाला बसल्या, आणि ताट जरासं डावीकडे सरकवलं. वास आला तसा त्यांचा गळा हलला. हात पुढे झाला आणि अधांतरी थांबला.

गुरुदत्तांनी आपलं ताट भरून घेतलं, बाकाला वळसा घातला आणि डावीकडच्या जागेपाशी येऊन उभे राहिले. उन्हात ठेवलेलं बाक, पण तेवढी फळी ओली होती.

"अहो, तिथं नका बसू."

"सरक."

"नका ना हो."

"वासंती, सरक म्हणतो ना."

आयुष्यात पहिल्यांदा ती बाई नवऱ्याचं एका शब्दात ऐकून आणखी उजवीकडे, अगदी कडेला सरकली. गुरुदत्त तिच्या आणि त्या ओल्या फळीच्या मधल्या वीतभर जागेत बसले. डाव्या अंगाला गार लागलं, नदीच्या पाण्यात अर्धं उतरल्यासारखं. वर बघायचं नाही, एवढं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. त्यांनी बायकोचं ताट उचलून पार उजवीकडे, टेबलाच्या टोकाला ठेवलं. ताट जड लागत होतं. आपल्याशिवाय आणखी कुणीतरी ते धरून असावं, इतकं जड. त्यांनी ओढलं. मग एकदम सुटलं.

आता आपलं ताट त्यांनी डावीकडे सरकवलं. व्यापाऱ्यांशी बोलायचा करडा आवाज त्यांनी शोधला, तो सापडला नाही. जो आवाज निघाला तो घरी आलेल्या माणसाशी बोलायचा होता.

"हिचं झालंय," ते म्हणाले. "तुमची सोय इथं केलीय. मी बोलावतोय. सावकाश जेवा."

वारा पडला. समुद्राचा आवाजही लांब गेल्यासारखा झाला. गुरुदत्त आपल्या भाताकडे बघत राहिले. आत्ता काही होणार नाही, आणि मी म्हातारा मूर्ख ठरेन, आणि किती बरं होईल तसं झालं तर, असं त्यांच्या मनात आलं.

पानात हात आला. मनगटापासून पुढचा. कातडी फार वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी पांढरी, सुरकुतलेली, नखांखाली काळी रेती. बोटांनी भाताला मधोमध खळगा केला, पिठलं ओढलं, नीट कालवलं आणि घास केला. घाई फार होती, पण सांडलं एक शीतही नाही. कुणीतरी लहानपणी मन लावून शिकवलेला हात होता तो.

उजवीकडे बांगड्या वाजल्या. गुरुदत्तांनी तिकडे मान वळवली.

वासंतीबाईंनी घास तोंडात घातला होता. त्या चावत होत्या. गिळला, तो गळ्यातून खाली जाताना दिसला. दुसरा घेतला. बोटं पिठल्याने पिवळी झाली होती, पार दुसऱ्या पेरापर्यंत. मग त्यांनी नवऱ्याच्या पानाकडे पाहिलं, आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय केलंत हो?"

"तू जेव."

"असं कसं केलंत? मला विचारलंत तरी का?"

"जेव आधी. गार होतंय."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं, आणि त्या जेवत होत्या. रागाने जेवत होत्या, हुंदके गिळत जेवत होत्या, पण थांबत नव्हत्या. ताटातला भात संपत आला तेव्हा मनगटाने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय पिठल्यात. कुणी केलं, श्रियाने? तिला सांगायला हवं."

गुरुदत्तांना एवढा आनंद झाला की क्षणभर त्यांना डावीकडचा विसर पडला. पाच महिन्यांनी या बाईला मीठ कमी लागलं होतं.

मुलं वाळूतून वर आली, मुठीत दगड, गालांवर वारा. "अरे वा, एकाच बाकावर, इतके चिकटून!" श्रिया म्हणाली. "आणि आई रडतेय का? बाबा, भांडलात?"

"तिखट लागलं," गुरुदत्त म्हणाले. त्यांच्या पानात काही उरलं नव्हतं. पोटात मात्र भुकेचा असा खड्डा पडला होता की त्यांना टेबलाची कड धरावी लागली.

"बाबा, तुमची ही बाही कशी भिजली? डावी. पार कोपरापर्यंत."

"हात धुतला." त्यांनी ताट पुढे केलं. "भात आहे ना अजून कुकरमध्ये?"

"आहे की, भरपूर. किती वाढू?"

उजवीकडे वासंतीबाईंनी नवऱ्याचा गुडघा टेबलाखाली घट्ट धरला होता. त्या हाताला आता जोर होता. गुरुदत्तांनी तो जोर नीट जोखून घेतला.

"सगळा वाढ," ते म्हणाले.